पासवर्ड ते पासकी: ओळख पटवण्याचे ओझे कोणी वाहायचे?

रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी डिजिटल व्यवहारांतील ओळख-पडताळणीविषयी नवे निर्देश प्रसिद्ध केले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवून दिली. ‘आता ओटीपी जाणार’ असा त्याचा अर्थ लावणे घाईचे होईल. एका व्यवहाराला किमान दोन वेगवेगळ्या प्रकारचे पुरावे हवेत, हे तत्त्व कायमच आहे. दुसरा पुरावा म्हणून व्यवहारात एसएमएसने येणारे अंकच रुळून बसले होते. तिथे इतर साधनांनाही जागा मोकळी झाली, एवढाच बदल. त्यापाठोपाठ ऑक्टोबरमध्ये यूपीआयच्या देयकांना बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने मंजुरी देण्याची सोय आली.

बातमी बँकांची असली, तरी तिच्या मागचा प्रश्न प्रत्येक संकेतस्थळाच्या दारात उभा आहे. नोंदणी करा, खाते उघडा, पासवर्ड ठेवा, तो विसरलात तर नवा घ्या. ‘मी तोच आहे’ हे सिद्ध करण्याचा हा खटाटोप गेल्या साठ वर्षांत अनेकदा सोपा करण्यात आला. त्या प्रत्येक वेळी खटाटोप नाहीसा झाला की फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

संगणकाच्या कितीतरी आधीपासून मराठी मुलखाला हा प्रश्न ठाऊक होता. ‘शिक्कामोर्तब’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द मुळात दोन वेगळ्या मुद्रांचा आहे. शिक्का पत्राच्या माथ्यावर उमटे आणि पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते सांगे. मोर्तब मजकुराच्या अखेरीस असे. त्याखाली कोणी आणखी एक ओळ घुसवू नये, हे त्याचे काम. आज संगणकशास्त्रात ज्यांना प्रेषकाची खात्री आणि मजकुराची अखंडता म्हणतात, त्या दोन्ही गोष्टी या दोन ठशांनी साधल्या जात. गावच्या महजरावर ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्यासाठीही वाट होती. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी येई, कारागीर आपल्या धंद्याचे हत्यार रेखाटत. अक्षरओळख नाही म्हणून साक्षीदाराला दारातून परत पाठवण्याची पद्धत नव्हती. मात्र ती निशाणी त्याचीच, हे सांगायला भोवती अख्खे गोत बसलेले असे. ओळख पटवण्याचे ओझे गाव वाहत होते.

ब्रिटिश राजवटीतल्या अधिकाऱ्याला गाव ओळखत नव्हता, आणि गावाच्या शब्दावर त्याचा विश्वासही नव्हता. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने जुलै १८५८ मध्ये राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर आख्ख्या पंजाचा ठसा घेतला. त्यामागे तेव्हा शास्त्र कमी आणि पुढे करार नाकारता येऊ नये म्हणून घातलेला धाक अधिक होता. पण ठसे गोळा करता करता हर्शेलच्या ध्यानात आले की, माणसाच्या बोटांवरच्या रेषा वर्षानुवर्षे बदलत नाहीत. १८७७ मध्ये हुगळी येथे त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण मेलेल्या माणसाच्या नावाने दुसराच कोणी पैसे उचलण्याची भीती होती. आपल्याकडच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना दर नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला याच शंकेतून जन्मला आहे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ सेवेत तो दाखला बोटाच्या ठशाने घरबसल्या देता येऊ लागला आणि नंतर चेहऱ्यानेही. हर्शेलच्या टेबलापासून इथवर यायला १३७ वर्षे लागली.

ठसे साठले की ते शोधायचे कसे, हा पुढचा प्रश्न गणिताचा होता. कलकत्त्यात १८९७ मध्ये ठशांचे कार्यालय सुरू झाले. त्यामागच्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्रीचे नाव मिळाले. परंतु दहा बोटांच्या नमुन्यांवरून पत्रके ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ कप्प्यांत लावण्याची युक्ती गणित शिकलेल्या अझीझुल हक यांची होती, आणि हेमचंद्र बोस यांनीही त्या कामाला मोठा हातभार लावला. विज्ञानाच्या इतिहासात वरिष्ठाच्या नावाखाली झाकल्या गेलेल्या भारतीयांची यादी लांब आहे. ही दोन नावे तिच्यात बरीच वर असायला हवीत.

आता संगणकाकडे येऊ. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी ‘सीटीएसएस’ ही व्यवस्था उभी केली. यंत्र एक, वापरणारे अनेक, प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या आणि वेळेचा कोटाही वेगळा. कोण बसले आहे ते यंत्राला कळावे म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला गेला. संगणकीय पासवर्डचा हा बहुधा पहिलाच संसार. त्यामागचा हेतू शत्रूला बाहेर ठेवणे हा नव्हता, तर सहकाऱ्यांमध्ये यंत्राचा वेळ नीट वाटून देणे हा होता. वसतिगृहातल्या कपाटाला लावतात तसले हे कुलूप होते. पुढे जगाने ते बँकेच्या तिजोरीला लावले.

ते कुलूप फुटायलाही फार काळ लागला नाही. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. पंच केलेले एक कार्ड देऊन कोणतीही फाइल छापून मागवता येते, हे त्याला ठाऊक होते. शुक्रवारी रात्री त्याने पासवर्डांचीच फाइल छापायला टाकली आणि शनिवारी पहाटे कागद उचलून आणला. १९६६ मधला प्रसंग तर त्याहून गमतीदार आहे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते. एकीत त्या दिवशीचा स्वागतसंदेश होता, दुसरीत सर्वांचे पासवर्ड. संपादनाच्या तात्पुरत्या फाइलचे नाव एकच असल्याने दोन्हींची अदलाबदल झाली. मग लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या स्वागताला सगळ्यांचे पासवर्ड हजर! दोन्ही प्रसंगांत वापरकर्त्याने काहीही चूक केलेली नव्हती. चूक एवढीच होती की, पासवर्ड वाचता येतील अशा रूपात कुठेतरी लिहून ठेवलेले होते.

यावरचा उपाय नितांत सुंदर आहे. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नाही. त्यावर अशी गणिती क्रिया करायची की, शब्दावरून उत्तर चटकन मिळावे, पण उत्तरावरून शब्द काढणे व्यवहारात अशक्य व्हावे, आणि मग ते उत्तर तेवढे साठवायचे. केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी ही कल्पना १९६०च्या दशकात वापरली. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात तिला आणखी एक जोड दिली. दोघांनी योगायोगाने एकच पासवर्ड निवडला तरी त्यांची साठवलेली उत्तरे वेगळी दिसावीत म्हणून प्रत्येक पासवर्डात थोडे यादृच्छिक अंक मिसळायचे. या मिसळीला त्यांनी ‘सॉल्ट’, म्हणजे चक्क मीठ, असे नाव दिले. चवीपुरते मीठ सगळ्या पदार्थांत पडते. इथे मात्र प्रत्येकाच्या ताटात ते निराळे पडते.

त्याच निबंधात एक तक्ता आहे, आणि पुढच्या चाळीस वर्षांची कटकट त्यात दडलेली आहे. मॉरिस आणि थॉम्पसन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले ८६ टक्के अगदी आखूड, निव्वळ लहान अक्षरांचे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. पंधरा जणांनी तर एकाच चिन्हावर भागवले होते. यंत्राची बाजू गणिताने भक्कम झाली होती, आणि उरलेली दुबळी कडी म्हणून बोट माणसाकडे वळले. तेव्हापासून ओझे माणसाच्या स्मरणशक्तीवर लादले जाऊ लागले. किमान आठ अक्षरे घ्या, त्यांत एक मोठे हवे, एक अंक हवा, एक चिन्ह हवे, आणि दर तीन महिन्यांनी सगळे बदला. हे नियम जगभर पसरण्यामागे अमेरिकेच्या मानक संस्थेत बिल बर यांनी सिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेच्या परिशिष्टाचा मोठा वाटा होता. पुढे आपल्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त करण्याचा प्रांजळपणा त्यांनी दाखवला आणि २०१७ मध्ये संस्थेनेही ते नियम मागे घेतले. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती केली की माणसे शेवटचा अंक एकाने वाढवतात, हे तोवर सर्वांच्या लक्षात आले होते. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांत आणि शैक्षणिक संकेतस्थळांवर ती वार्ता अजून पोहोचलेली नाही.

हा भार किती होता, याचे मोजमापही झाले आहे. मायक्रोसॉफ्टच्या दिनेई फ्लोरेन्सियो आणि कॉर्मॅक हर्ली यांनी सुमारे पाच लाख वापरकर्त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. सरासरी माणसाची पंचवीस खाती होती आणि पासवर्ड होते साडेसहा. म्हणजे एकच किल्ली तीन-चार दारांना. याला आळस म्हणणे सोपे आहे. मला तो व्यवहारी शहाणपणा वाटतो. डोक्यात मावेल तेवढेच माणूस तिथे ठेवतो. धोका असा की, एखाद्या क्षुल्लक संकेतस्थळावरून फुटलेली किल्ली बँकेच्या दारालाही चालते.

भारताने या कोंडीतून वेगळी वाट काढली. १८ फेब्रुवारी २००९च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सांगितले की, कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांसाठी कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडचा आणखी एक पुरावा १ ऑगस्टपासून घेतला पाहिजे. अशी सक्ती तेव्हा बहुतेक प्रगत देशांतही नव्हती. मोबाइल झपाट्याने हाती येत होते, एसएमएस स्वस्त होता, आणि त्यातून ओटीपी आपल्या भाषेतलाच शब्द होऊन गेला. एकदाच चालणाऱ्या पासवर्डची कल्पना लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ मध्येच मांडली होती. तिला घराघरांत नेले ते मात्र भारतातल्या या एसएमएसने. लक्षात ठेवायचे काही नाही, मराठी-इंग्रजीचा प्रश्न नाही, अंक तेवढे वाचता आले की झाले. लॉगिन एवढे सोपे पूर्वी कधीच नव्हते. पण जो अंक वाचता येतो तो फोनवर दुसऱ्याला सांगताही येतो, आणि ठगांचा सगळा धंदा त्याच फटीतून चालतो.

दरम्यान देशात आणखी मोठा प्रयोग सुरू झाला होता, आणि त्याचे पहिले पाऊल महाराष्ट्रात पडले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पहिला क्रमांक रंजना सोनवणे यांचा. त्या बारा अंकांतला शेवटचा अंक ही एक तपासणी आहे, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ती मुद्दाम पाहावी अशी आहे. डच गणिती याकोबुस वेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या रीतीने तो आधीच्या अकरा अंकांवरून काढतात. कोणताही एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट टाइप झाले, तर बेरीज जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. नेहमीच्या बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, म्हणून अदलाबदल तिथे निसटते. वेरहूफ यांनी समभुज पंचकोनाच्या फिरवण्या आणि पलटण्या यांचा गणिती समूह वापरला. त्यात आधी फिरवून मग पलटणे आणि आधी पलटून मग फिरवणे यांची उत्तरे वेगळी येतात. फॉर्म भरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. नोंदणी सोपी करण्याचा हा सर्वांत सभ्य प्रकार, असे मला वाटते: माणसाची चूक यंत्राने मुकाट्याने सांभाळून घ्यायची.

बोटांच्या बाबतीत तेवढा सभ्यपणा जमला नाही. आधारची पडताळणी म्हणजे कोट्यवधींतून एकाला शोधणे नव्हे. क्रमांक आधी सांगितलेला असतो. ‘हा ठसा या क्रमांकाचा आहे काय’ एवढेच विचारायचे असते. प्रश्न सोपा, पण उत्तर कातडीवर अवलंबून. ऊस तोडणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, वर्षानुवर्षे भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सादरीकरण करताना आधार प्राधिकरणाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अजय भूषण पांडे यांनी सरकारी सेवांतील पडताळणीच्या यशाचे प्रमाण ८८ टक्के सांगितले. दूरसंचार कंपन्यांत ते ९७ टक्के होते. उरलेल्या बारांत रेशनच्या रांगेत उभे असलेले किती, हे कोणालाही ताडता येईल. त्याच वर्षी २६ सप्टेंबरच्या निकालाने न्यायालयाने सरकारी अनुदानांसाठी आधार मान्य केले. खासगी कंपन्यांना त्याचा वापर खुला करणारी तरतूद रद्द केली.

यापुढचा टप्पा एकाच लॉगिनचा. जगात २००५ मध्ये ‘ओपनआयडी’ आली, मग मोठ्या कंपन्यांच्या खात्यांनी इतर संकेतस्थळांत शिरण्याची बटणे आली. सरकारी बाजूला ४ जुलै २०२२ रोजी गांधीनगर येथे ‘मेरी पहचान’ ही एकल-प्रवेश सेवा जाहीर झाली. डिजिलॉकर, जन परिचय आणि सी-डॅकने घडवलेले ई-प्रमाण या तीन दारांपैकी कोणत्याही एका दारातून आत गेले की इतर सरकारी सेवांना नव्याने नोंदणी लागू नये, हा तिचा हेतू. शिष्यवृत्तीपासून गुणपत्रिकेपर्यंत प्रत्येक ठिकाणी वेगळे खाते उघडलेल्या विद्यार्थ्याला याची किंमत समजावून सांगायला नको. एक किल्ली हरवली की सगळी दारे बंद, ही तिची दुसरी बाजू.

आणि आता पासकी. तिच्या मुळाशी व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेली जोडकिल्ल्यांची कल्पना आहे. नोंदणी करताना फोन दोन किल्ल्या तयार करतो. उघडी किल्ली संकेतस्थळाकडे जाते, खासगी किल्ली ते संकेतस्थळ कधीच पाहत नाही. लॉगिनच्या वेळी संकेतस्थळ एक नवा, यादृच्छिक प्रश्न पाठवते; फोन खासगी किल्लीने त्यावर सही करून परत देतो. बोटाचा ठसा लागतो तो फक्त फोनला ‘सही कर’ म्हणण्यासाठी, आणि तो फोनमध्येच राहतो. शिवाय प्रत्येक जोडी एका ठरावीक पत्त्याशी बांधलेली असते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट संकेतस्थळावर माणूस फसेल, फोन फसत नाही. तिथल्या पत्त्यासाठी त्याच्याकडे किल्लीच नसते. सांगण्यासारखा अंकच नसल्याने ठगाच्या फोनलाही काही हाती लागत नाही. वेब संघाने मार्च २०१९ मध्ये याचे मानक मंजूर केले आणि मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते एकत्र राबवण्याचे जाहीर केले. सोय आणि सुरक्षा यांचे वैर साठ वर्षे गृहीत धरले होते. इथे प्रथमच दोन्ही एकाच बाजूला आलेली दिसतात.

पण या रचनेत एक गृहीतक आहे: एक माणूस, एक फोन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया देशात ५४ टक्के होत्या. जिथे फोन घराचा असतो, तिथे तो उघडणारे बोटही अनेकदा घरातल्या कर्त्याचेच असते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थींना सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी करायला सांगितले, तेव्हा हे गृहीतक उघडे पडले. संकेतस्थळावर स्वतःच्या आधारचा ओटीपी लागे आणि त्यानंतर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही. पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या स्त्रीने तो कोणाच्या फोनवर मागवायचा? शेवटी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली आणि अशा स्त्रियांसाठी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची वाट काढावी लागली. संगणकाने अडवलेल्या बाईला अखेर तिला ओळखणाऱ्या दुसऱ्या बाईनेच पुढे नेले. महजरातले गोत असे मागच्या दाराने परत आले.

लखनऊच्या सरोजिनी नगर भागात अमौसी येथे चौधरी चरणसिंह विमानतळ आहे. २०२३ मध्ये तिथे ‘डिजियात्रा’ पोहोचली. प्रवाशाची माहिती त्याच्याच फोनमध्ये राहते, प्रवासापुरती विमानतळाला दिली जाते आणि उड्डाणानंतर चोवीस तासांत पुसली जाते, अशी तिची रचना सांगितली जाते. कॅमेऱ्याकडे पाहिले की दार उघडते. लॉगिन याहून सोपे कसे होणार? तरी ही सोय ऐच्छिक ठेवलेली आहे. शेजारी जुनी रांग चालू असते, आणि तिथे सुरक्षा दलाचा जवान ओळखपत्र हातात घेऊन आधी छायाचित्राकडे आणि मग माणसाकडे पाहतो. विमानाने जाणाऱ्यांसाठी ती दुसरी रांग पहिल्या दिवसापासून होती. टेंभलीसारख्या गावांतल्या स्त्रियांना तिची वाट पाहावी लागली.